पित्ताचे खडे, पूर्ण भूल आणि माझं उलट्या कप्प्यांचं हृदय

माझं वय ६७, राहतो ठाण्यात, नौपाड्यात. माझ्या हृदयाचे खालचे दोन कप्पे जन्मापासून आदलाबदल झालेत, म्हणजे फक्त फुफ्फुसाकडे रक्त पाठवायचं हलकं काम ज्या उजव्या कप्प्याचं, तोच माझ्यात अख्ख्या शरीराला रक्त पुरवतो. सीसीटीजीए म्हणतात त्याला, जन्मजात हृदयदोषवाल्या दोनशे जणांत साधारण एखाद्याला असतं. रक्त बरोबर जागी पोचतं म्हणून ५४ व्या वर्षापर्यंत पत्ताच नव्हता, मग एका ईसीजीत निघालं.

गेल्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणजे पूर्ण भूल. पहिल्या हॉस्पिटलात माझी फाईल कोणी उघडलीसुद्धा नाही, काका रुटीन आहे, फिटनेस मिळून जाईल, सोमवारी अ‍ॅडमिट व्हा. भूल कोण देणार विचारलं तर ते त्याच दिवशी कळेल म्हणे. मी सही न करता घरी आलो, बायको दोन दिवस बोलली नाही, कारण दुखणं तिनेच रात्र रात्र बघितलेलं.

मग माझ्या कार्डिऑलॉजिस्टनी हृदयाच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या मॅडमकडे पाठवलं, दुसऱ्या हॉस्पिटलात. त्यांनी ऑपरेशनच्या आठ दिवस आधी पाऊण तास बसून सगळं विचारलं, किती जिने चढता, सपाट झोपता येतं का, कधी चक्कर आली का. चक्कर का, तर या दोषात हृदयाची वायरिंग कधीही तुटू शकते, वर्षाला शंभरात साधारण दोघांना पूर्ण ब्लॉक होतो, म्हणजे नस तुंबत नाही, वरच्या कप्प्यांचा विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणून नवीन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं मशीन.

भुलीच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी झपकन खाली येतो आणि माझ्या दमलेल्या कप्प्याला स्वतःलाच रक्त कमी पडतं, उलट बीपी फार चढला तर त्याच्यावर लोड येऊन झडप जास्त गळते, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. त्यात दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, त्याने कधी कधी नाडी मंदावते. हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद अजून आहे माझ्याकडे. एवढं समजल्यावर माझी अर्धी भीती तिथेच गेली, खरं सांगतो.

त्या दिवशी मी जागा असतानाच मनगटात जागा बधिर करून बारीक नळी घातली, बीपी प्रत्येक ठोक्याला दिसायला. नाडी थांबलीच तर म्हणून छातीला पेसिंगचे पॅड, म्हणजे बाहेरून विजेने ठोके चालू ठेवणारे, आधीच चिकटवले. औषध हळूहळू दिलं, सर्जननी गॅसचं प्रेशर कमीच ठेवलं. मग पुढचं आठवत नाही, एकदम कोणीतरी काका डोळे उघडा म्हणालं.

एक रात्र आयसीयू. म्हाताऱ्या माणसाला भुलीनंतर भ्रम होऊ शकतो म्हणून मॅडमनी मुलीला आधीच सांगून ठेवलेलं, शुद्ध आली की लगेच चष्मा आणि कानाचं मशीन द्या, वार-तारीख सांगत राहा. पोरगी रात्री दोनदा आत येऊन बाबा आज गुरुवार, आपण ठाण्यातच आहोत सांगून गेली.

माझ्यासारखं कोणाचं असेल तर जुने इको, ईसीजी आणि दोषाचं पूर्ण नाव एका पानावर घेऊन भूल देणाऱ्या डॉक्टरना आधी भेटाच, वेळ मागून घ्या. माझं पान आता पाकिटात असतं आणि दुसरी कॉपी ऐरोलीला बहिणीकडे.