खान्देशातले बाजार, यात्रा आणि कानबाई: डेटाबेस कुठवर आला

गावं, तालुके, बाजार आणि माल यांची टेबलं एकदाची मनासारखी बसली. पंचांग आत आलं. 'हा बाजार किंवा ही यात्रा पुढे कधी?' या प्रश्नाला प्रोग्राम आता बरोबर तारीख देतो, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासकट. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले आठवडे बाजार आणि यात्रा एका एसक्यूलाइट (एकाच फाइलीत मावणारा साधा डेटाबेस) फाइलमध्ये आणायच्या, हा माझा फावल्या वेळचा उद्योग. पैसा मिळत नाही, घरचे हसतात. पण डेटाबेस आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन (प्रोग्राम वस्तू-वस्तूंनी रचायची पद्धत) शिकायला याहून चांगलं मैदान मला तरी सापडलेलं नाही. कर्मचारी, विभाग, पगार हे शिकवणीतलं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं, आणि त्यात अडायला काहीच नसतं.

सुरुवात झाली एका मित्राच्या एक्सेल शीटवरून. रकाने पाच: गाव, तालुका, जिल्हा, वार, माल. मालाच्या रकान्यात 'बैल, शेळ्या, मिरची, भांडी' असं एका दमात लिहिलेलं. मिरची कुठे मिळते असं विचारायचं तर अक्षरं शोधावी लागतात, आणि मग मिरचीची रोपं विकणारा बाजारही यादीत येऊन बसतो. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं तेव्हाच एका चौकटीत एकच मूल्य हा आग्रह धरला होता. पहिला नॉर्मल फॉर्म म्हणतात तो हाच. त्यामुळे माल वेगळ्या टेबलात गेला, आणि कोणत्या बाजारात कोणता माल ते सांगणारं जोडटेबल मध्ये आलं. इथवर सगळेच येतात.

तिसरा नॉर्मल फॉर्म, म्हणजे ज्याचा गुण त्याच्याच टेबलात हा नियम, मात्र खान्देशच्या माणसाला समजावून सांगायची गरजच पडू नये. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक गावाच्या ओळीत जिल्हा लिहून ठेवला असता तर त्या दिवशी शहादा, तळोदा, नवापूर भागातली शेकडो गावं एकेक करून बदलावी लागली असती, आणि त्यातली चार-दोन हमखास राहून गेली असती. जिल्हा हा गावाचा गुण नाही, तो तालुक्याचा. गाव तालुक्याकडे बोट दाखवतं, तालुका जिल्ह्याकडे. मग बदलतात त्या फक्त सहा ओळी: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी.

मी याच्या एक पाऊल पुढे गेलो. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याची जुनी नोंद १९९० सालची असेल तर तिथे 'जिल्हा धुळे' हेच बरोबर आहे. म्हणून तालुका आणि जिल्हा यांच्यामध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असलेलं टेबल घातलं. मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात, तेही असंच नावांच्या टेबलात बसलं. पूर्व खान्देश, पश्चिम खान्देश या जुन्या जिल्ह्यांपर्यंत मागे जायचा मोह झाला होता, पण आवरला. ज्या काळातल्या नोंदी हातात नाहीत त्या काळासाठी टेबल पाडणं म्हणजे नुसती हौस.

गावाच्या नावाला प्रायमरी की (ओळीची ओळख पटवणारा रकाना) करायची नाही, हे कुऱ्ह्यानं पटवलं. भुसावळकडचा माणूस कुऱ्हा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कुऱ्हे पानाचे असतं. मुक्ताईनगरकडचा म्हणतो तेव्हा कुऱ्हा काकोडा. सरकारी गाव-कोड आहेत, ते मी युनिक, म्हणजे एकच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या, रकान्यात ठेवले. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर बाजार भरत असेल तर पाड्याला स्वतंत्र कोड असेलच असं नाही. म्हणून की म्हणजे आपला साधा अनुक्रमांक, ज्याला काहीही अर्थ नाही. अर्थ नसणं हाच त्याचा गुण: अर्थ बदलला तरी आकडा तोच राहतो.

याच कुऱ्ह्यात आणखी एक भानगड दडलेली आहे, आणि मराठीत डेटा भरणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा जवळून बघावी. 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, युनिकोडमधला (अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत) ०९३१ क्रमांकाचा, आणि त्यापुढे हलंत. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मग न दिसणारा जोडक, २००डी क्रमांकाचा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी गावं वाटतात. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन लावलं तरी ती एक होत नाहीत, कारण ते र आणि सुटा नुक्ता यांना जोडून ऱ करतं, जोडकाला हात लावत नाही. त्यामुळे नोंद आत येतानाच 'र, हलंत, जोडक' दिसला की 'ऱ, हलंत' करायचं, अशी एक ओळ मी दारातच बसवली. भोंगऱ्यालाही हेच लागू. गंमत म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत क्लासला (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) देवनागरी नाव देता येतं, पण त्यात तो अदृश्य जोडक असला तर पायथन सरळ एरर देतं. डेटाबेस जे मुकाट गिळतो ते पायथन ओकतं.

बाजार आणि गाव ही एकच गोष्ट नव्हे, हे बांगड्या विकणाऱ्या एका मावशींनी शिकवलं. आठवडाभर गावोगावचे बाजार करणारी बाई. मी एका गावापुढे एकच वार लिहिलेला बघून म्हणाल्या, "बैलबजार सकायले भरस, भाजीबजार दुपारले. दोन्ही एकच कसा?" जागा वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, बाजार उठायची वेळही वेगळी. त्यांच्या धंद्याला दुपारचा बाजार महत्त्वाचा, कारण बाया तेव्हा येतात. मग 'बाजार' हे स्वतंत्र एंटिटी (स्वतःचं टेबल असलेली गोष्ट) झालं, आणि एका गावाला कितीही बाजार असू शकतात.

आता मुद्द्याचं: 'कधी'.

क्लास पाडायला बसलं की हात आपोआप इनहेरिटन्सकडे, म्हणजे एका क्लासनं दुसऱ्याचे गुण वारशानं घेण्याकडे, जातो. वर एक 'प्रसंग', त्याखाली 'साप्ताहिक बाजार' आणि 'तिथीची यात्रा'. एकाला वार कळतो, दुसऱ्याला तिथी. कागदावर झाड सुंदर दिसतं. पण खान्देशात ते कानबाईपाशी मोडतं. कानबाई ही खान्देशात घरोघर बसणारी देवी; ती बसते श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे तिथीही हवी आणि वारही. २०२४ ला पंचमी ९ ऑगस्टला, शुक्रवारी होती, म्हणून कानबाई ११ ला. २०२५ ला पंचमी २९ जुलैला, मंगळवारी. कानबाई ३ ऑगस्टला. हिला कुठल्या फांदीवर बसवणार? दोन्ही क्लासांकडून वारसा घ्यायचा तर 'पुढचा दिवस' कुणाच्या पद्धतीनं काढायचा हा वाद घरातच सुरू होतो.

आणि भोंगऱ्या तर त्याहून पुढचा. सातपुड्याच्या कडेला होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो, आणि तो त्या-त्या गावाच्या नेहमीच्या बाजारवारीच भरतो. २०२५ ला होळी १३ मार्चला, गुरुवारी. तिच्यासह मागचे सात दिवस धरले तर ७ ते १३ मार्च. ज्या गावाचा बाजार शुक्रवारी, तिथे भोंगऱ्या ७ ला. ज्याचा रविवारी, तिथे ९ ला. सात दिवसांच्या खिडकीत प्रत्येक वार बरोबर एकदाच येतो, त्यामुळे उत्तर नेहमी एकच निघतं. ज्यांनी ही रीत पाडली त्यांनी युनिक कन्स्ट्रेंटच (दोनदा नको ही अट) घातलाय म्हणायचं. इथे नियमाला दुसऱ्याच वस्तूकडे, म्हणजे बाजाराकडे, बघून त्याचा वार विचारावा लागतो.

म्हणून झाड टाकून दिलं आणि कंपोझिशन घेतलं, म्हणजे एका वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू ठेवायची. प्रसंगाला 'नियम' नावाची वस्तू असते. प्रसंग स्वतः तारीख काढत नाही, नियमाला विचारतो. नियमाला एकच गोष्ट यायला हवी: ही तारीख घे, त्यानंतरची पुढची तारीख दे. वारनियम आणि तिथीनियम हे सुटे. 'नंतरचा वार' हा नियम पोटात दुसरा नियम घेतो: आधी पंचमी काढ, मग तिच्यापुढचा रविवार. 'खिडकी' हा नियम पोटात तिथी आणि बाजार दोन्ही घेतो. कानबाईसाठी वेगळा क्लास लिहावाच लागला नाही, हे मला या सगळ्या खटाटोपाचं सार्थक वाटतं. पंचमीच रविवारी आली तर तोच दिवस धरायचा की पुढचा, यासाठी नियमात एक खूण ठेवली आहे; ते घरातली वडीलधारी मंडळी ठरवतील, क्लास नाही.

अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेनं आणखी एक गाठ सोडवायला लावली. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते. रथ वैशाख शुद्ध एकादशीला, पालखी पौर्णिमेला. एका यात्रेच्या पोटात दोन प्रसंग, दोन नियम. 'यात्रा' आणि 'प्रसंग' वेगळे केले की प्रश्न मिटला.

तिथीचं गणित मी करत नाही. सूर्य-चंद्राची गणितं लिहायची हौस असणाऱ्यांनी जरूर लिहावीत. माझ्याकडे छापील पंचांगावरून भरलेलं टेबल आहे: तारखेला एक ओळ. की तारीखच का, तिथी का नाही? कारण तिथी चोवीस तासांची नसते. वृद्धी असली की एकच तिथी दोन सूर्योदयांना भेटते, क्षय असला की एकालाही नाही. महिना, पक्ष आणि तिथी यांच्यावर युनिक लावला की वृद्धीच्या दिवशी नोंद आतच येत नाही.

शिवाय सूर्योदयाची तिथी पुरत नाही. वर दिलेली २०२५ ची होळीच घ्या. १३ मार्चला सूर्योदयी चतुर्दशी होती. पौर्णिमा सकाळी साडेदहानंतर लागली. होळी संध्याकाळी पेटते, म्हणून १३. सूर्योदय बघणारा प्रोग्राम १४ सांगतो, सात दिवसांची खिडकी एक घर पुढे सरकते आणि शुक्रवारच्या गावाचा भोंगऱ्या ७ ऐवजी १४ ला, होळी पेटून गेल्यावर, दाखवतो. दत्तजयंतीचंही तेच. २०२४ ला ती १४ डिसेंबरला झाली, कारण पौर्णिमा त्या संध्याकाळी होती, आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार याच जयंतीभोवती भरतो. म्हणून पंचांगाच्या टेबलात सूर्योदयाची तिथी आणि सूर्यास्ताची तिथी असे दोन रकाने, आणि तिथीनियमात कोणता बघायचा ते लिहिलेलं. अधिक महिन्याची खूणही हवीच. २०२३ ला अधिक श्रावण होता. खूण नसती तर प्रोग्रामनं कानबाई जुलैतच बसवली असती, जेव्हा खरी २७ ऑगस्टला होती.

नियम टेबलात ठेवायचे कसे, यावर जास्त डोकं लावलं नाही. सगळ्या प्रकारांना एकच टेबल, प्रकाराचा रकाना, न लागणारे रकाने रिकामे, आणि चेक कन्स्ट्रेंट: प्रकार वार असेल तर वार रिकामा नको. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू देत, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वाचता येते. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना एकच आठवण: फॉरेन कीची (एका टेबलातल्या ओळीनं दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे दाखवलेलं बोट) तपासणी एरवी बंद असते, आणि दर कनेक्शनला प्राग्मा नावाची आज्ञा देऊन चालू करावी लागते. एकदा देऊन भागत नाही. लॉकडाऊनमध्ये २०२० साली बंद राहिलेल्या बाजारांसाठी अपवादांचं टेबल आहे. नियम तसाच राहतो, अपवाद वरून लागतो.

एंटरप्राइझ आर्किटेक्चरचं (मोठ्या संस्थेची सगळी व्यवस्था आखायचं शास्त्र) एवढ्याशा कामाला काय काम, असं एकानं विचारलं. टोगॅफ या त्यातल्या पद्धतीचे चार थर, म्हणजे व्यवसाय, डेटा, अॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान, हे माझ्या एका लॅपटॉपला खरंच जड. पण त्याच क्षेत्रातल्या जॉन झॅकमन यांची चौकट उपयोगी पडली. १९८७ च्या मूळ लेखात तिला तीनच रकाने होते, पुढे १९९२ मध्ये सहा प्रश्न झाले: काय, कसं, कुठे, कोण, कधी, का. आम्ही डेटाबेसवाले 'काय'मध्येच रमतो. मी एका पानावर सहाही लिहिले, आणि 'कोण'च्या खाली लिहायला लागलो तेव्हा दिसलं की बाजाराचा वार गावकरी सांगतात, उठायची वेळ फिरते व्यापारी, आणि तिथी पंचांग. म्हणजे एकाच ओळीतल्या तीन रकान्यांचे तीन मालक. आता प्रत्येक नोंदीसोबत 'कुणी सांगितलं' हा रकाना आहे, आणि वारावर दोघांचं एकमत नसेल तर दोन्ही जबान्या राहतात.

राहिलंय ते मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरकडचं. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव एक घर पुढे असतं: आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात. रावेरच्या यात्रांना तिकडून माणसं येतात, आणि तिकडचे सांगणारे तिकडचाच महिना सांगतात. टेबलात फक्त आपली पद्धत ठेवायची आणि नोंद आत येताना, दाखवताना नाव बदलायचं असं ठरवलंय. शुद्ध पक्षाला हात लावायचा नाही, वद्य असेल तरच. त्याच्या चाचण्या लिहितोय.