सह्याद्रीतील भटकंती आणि फोटोक्रोमिक काचा

पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट काही अंतर पुढे झुकलेल्या कड्याच्या सावलीतून जाते, मग झाडीत शिरते, मंदिराजवळ मोकळी होते आणि कोकणकड्यावर तर डोक्यावर कसलाही आडोसा उरत नाही. अशा वाटेवर साधा गॉगल सतत काढावा-घालावा लागतो आणि नंबर असणाऱ्यांना दोन-दोन चष्मे सांभाळावे लागतात. म्हणूनच आपोआप गडद-फिकट होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा मला डोंगरासाठी फार सोयीच्या वाटतात. मात्र त्या कशामुळे बदलतात हे समजून घेऊनच घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

1960च्या दशकात अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने अशी काच विकसित केली, तेव्हा तिच्यात सिल्व्हर हॅलाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक असत. आजच्या हलक्या प्लास्टिकच्या काचांत नॅफ्थोपायरानसारखी सेंद्रिय रसायने वापरतात. अतिनील किरण पडले की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि काच गडद होते. किरण थांबले की हे रेणू हळूहळू पूर्ववत होतात आणि उष्णता या परतीच्या क्रियेला वेग देते. त्यामुळे डिसेंबरच्या गार हवेत काळीभोर होणारी काच एप्रिलच्या रणरणत्या दुपारी, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, त्या मानाने फिकी राहते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. ढगांतूनही बरेचसे अतिनील किरण खाली येतात आणि हवाही थंड असते, त्यामुळे डोळ्यांना उजेड कमी वाटत असतानाही काच राखाडी होऊन बसते. टोपीची कड पुढे ओढलेली असेल, तर सावलीतला वरचा भाग फिकट आणि खालचा गडद, असा फरकही स्पष्ट दिसतो. मोटारीची पुढची काच हे किरण बऱ्याच अंशी अडवते, म्हणून गाडी चालवताना बहुतेक फोटोक्रोमिक चष्म्यांचा फारसा उपयोग होत नाही.

काच साधारण मिनिटभरात गडद होते, पण पूर्ववत व्हायला काही मिनिटे लागतात आणि थंडीत त्याहूनही जास्त. उन्हातून थेट केदारेश्वराच्या गुहेत शिरताना किंवा दाट झाडीतल्या निसरड्या पायऱ्या उतरताना हा अवधी महत्त्वाचा ठरतो. अशा ठिकाणी थोडे थांबावे, नंबर नसेल तर चष्मा सरळ काढून ठेवावा.

खरेदी करताना काचेची श्रेणी, म्हणजे ती किती प्रकाश आत सोडते हे सांगणारा आकडा, अवश्य विचारावी. 1 ते 3 अशी श्रेणी असलेली काच पूर्ण गडद झाल्यावर 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडते आणि आपल्या डोंगरांना तेवढे पुरते. हिमालयातील बर्फाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण 10 टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांपैकी 80 टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. तिथे बाजूंनी झाकलेला, श्रेणी 4चा स्वतंत्र गॉगलच हवा, जो वाहन चालवताना कधीही वापरू नये. दुकानातल्या दिव्याखाली फोटोक्रोमिक काच पारखता येत नाही, म्हणून दुकानदाराला सांगून ती बाहेर उन्हात न्यावी. काही वर्षांच्या वापरानंतर ती पूर्वीइतकी गडद होईनाशी होते, तेव्हा फ्रेम चांगली असली तरी काचा बदलून घ्याव्यात.