लाइट गेली आणि मोजणी शून्यावर आली: पीएलसीतले रिले आणि रजिस्टर

डिप्लोमा करून चाकणला पॅकिंग लाइनवर मेंटेनन्सला लागलो. कॉन्टॅक्टर, टायमर, रिलेचं वायरिंग हातात बसलं होतं. पण पॅनेलमधल्या मित्सुबिशी एफएक्स३यू पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाचा) लॅडर, म्हणजे शिडीसारखा दिसणारा प्रोग्राम, उघडला की एम, एस, टी, सी, डी या अक्षरांतलं काहीच उलगडायचं नाही. एक्स म्हणजे इनपुट, वाय म्हणजे आउटपुट एवढंच ठाऊक. तेही अर्धवट, कारण हे क्रमांक अष्टमान पद्धतीचे असतात, त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत: एक्स७ नंतर थेट एक्स१०.

एम लवकर समजला. तो रिलेच, फक्त त्याला वायर नाही. खऱ्या रिलेचे कॉन्टॅक्ट संपले की दुसरा रिले लावावा लागतो. एमचे एनओ-एनसी (एरवी उघडे आणि एरवी बंद) कॉन्टॅक्ट हवे तितके घ्या. पण त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. आकडा ठेवायचा तर डी, म्हणजे डेटा रजिस्टर.

एकूण किती पाकिटं निघाली ते स्क्रीनवर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सेन्सर आला की डी१०० मध्ये एक मिळवायचा. आधी आयएनसी ही एक मिळवणारी सूचना लिहिली, तर पाकीट सेन्सरसमोर असेपर्यंत दर स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, आकडा वाढत गेला. सिग्नल येतो त्या क्षणी एकदाच चालणारी आयएनसीपी केल्यावर एका पाकिटाला एकच मोजणी. दोन दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि स्क्रीनवर शून्य.

आमच्या सिनियर सरांनी विचारलं, "डी शंभरच का घेतलास?"

"मोकळा होता, सर."

"मोकळा होता रे, पण लाइट गेल्यावर लक्षात ठेवणारा नव्हता."

त्यांनी मॅन्युअलमधला तक्ता समोर ठेवला. मूळ सेटिंगमध्ये डी० ते डी१९९ साधे, डी२०० पासून डी७९९९ पर्यंत बॅटरीवर टिकणारे. एम० ते एम४९९ साधे, एम५०० पासून टिकणारे. टायमरचा वेगही क्रमांकावर ठरतो: टी० ला के५० (म्हणजे ५० हा आकडा) दिलं तर ५ सेकंद, टी२०० ला तेच दिलं तर अर्धा सेकंद. अक्षरामागचा क्रमांकही स्वभाव ठरवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सगळंच टिकणाऱ्यात टाकावं का? मुळीच नाही. मोटर चालू ठेवणारा एम टिकणारा घेतला, तर लाइट येताच मशीन आपोआप सुरू होईल, आणि त्या वेळी कुणाचा हात आत असेल. हे मला मोजणीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

मोजणी डी२२० मध्ये हलवली. काही दिवसांनी ३२७६७ नंतर स्क्रीनवर उणे ३२७६८ आलं. एक रजिस्टर १६ बिटांचं, त्यात याहून मोठा आकडा मावत नाही. म्हणून डीआयएनसीपी, म्हणजे त्याच सूचनेचं ३२ बिटांचं रूप, लिहिलं, स्क्रीनवरचा आकडाही ३२ बिटांचा केला. तर मोजणी थेट ३ कोटी २७ लाखांच्या वर! कागद घेऊन बसलो. ३२ बिटांची सूचना डी२२० सोबत डी२२१ ही घेते, आणि डी२२१ मध्ये मी बॅचची ५०० ही संख्या ठेवली होती. ५०० गुणिले ६५५३६, म्हणजे ३,२७,६८,०००. हिशेब जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

गुरुवारी लाइन बंद असते. त्या दिवशी बॅचची संख्या डी२३० मध्ये नेली. आता लॅडर लिहिण्याआधी वहीत तक्ता करतो: पत्ता, काम, लाइट गेल्यावर टिकायला हवं का, किती बिट. डी२२१ समोर लिहिलंय, 'डी२२० चा वरचा भाग, हात लावू नये.'