शीर्षक शेवटी ठरवावं

आजची नोंद फक्त शीर्षकाची. ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हातावेगळं होईपर्यंत वरती कामचलाऊ नाव असलेलंच बरं. नाव आधी पक्कं झालं की भाषांतरकार नकळत मजकूर त्याच्याकडे ओढू लागतो.

जर्मन धर्मचिंतक बोनहोफरचं उदाहरण इथे कामी येतं. १९३७ च्या जर्मन ग्रंथाचं नाव एका शब्दाचं, 'नाखफोल्गं', म्हणजे अनुसरण. इंग्रजीत १९४८ साली ते 'द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप' झालं. ही 'किंमत' आली पहिल्या प्रकरणातून. स्वस्त कृपा (देवाची क्षमा फुकट गृहीत धरणं) आणि मोलाची कृपा (तिच्यासाठी आयुष्य पणाला लावणं) हा वाद तिथला. नाव ठसकेबाज, यात शंका नाही. पण पुस्तकाचा मोठा भाग येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचं विवरण आहे, याचा त्यातून पत्ता लागत नाही. २००१ च्या चिकित्सक आवृत्तीने नुसतं 'डिसायपलशिप' ठेवलं. म्हणून कच्च्या यादीतलं प्रत्येक नाव अनुक्रमणिकेसमोर धरायचं: ते सगळ्या ग्रंथाचं आहे की एका गाजलेल्या प्रकरणाचं?

शब्दशः नाव नेहमीच चालतं असंही नाही. धर्मचिंतक श्वाइट्झरच्या येशूविषयीच्या १९०६ च्या जर्मन ग्रंथाचं नाव 'रायमारुसपासून व्रेडेपर्यंत' अशा अर्थाचं. येशूच्या चरित्राच्या या दोन संशोधकांची नावं अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर कोणाला ठाऊक असणार? १९१० च्या इंग्रजी आवृत्तीने पुढे 'द क्वेस्ट ऑफ द हिस्टॉरिकल जीझस' घेतलं आणि ती दोन नावं उपशीर्षकात सांभाळली. 'क्वेस्ट', म्हणजे शोध, हा शब्द इतका रुळला की ऐतिहासिक येशूविषयीच्या संशोधनाच्या पुढच्या टप्प्यांनाही 'न्यू क्वेस्ट', 'थर्ड क्वेस्ट' म्हणतात. मला हा तोडगा सर्वांत शहाणा वाटतो.

'ऑफ' हा शब्द मात्र घातकी. 'द लव्ह ऑफ गॉड' म्हणजे देवाने केलेलं प्रेम की देवावर केलेलं? आत संदर्भ सावरून घेतो, मुखपृष्ठावर सावरायला कोणी नसतं. तिथे वाक्यरचनाच बदलावी, नाहीतर उपशीर्षकाने दिशा दाखवावी. शोधणाऱ्याला लागणारे शब्दही उपशीर्षकातच घालावेत: बायबलमधलं पुस्तक, कालखंड, परंपरा.

मग ग्रंथालयांच्या सूचीत तेच नाव शोधावं. इंग्रजी पुस्तकांच्या नुसत्या शीर्षकाला सहसा कॉपीराइट नसतो, त्यामुळे नाव जुळलं म्हणून कायदा आड येत नाही. पण त्याच विषयावर त्याच नावाचं पुस्तक निघालं तर मागणी भलत्याच पुस्तकाकडे जाते. सूचीत वर्णक्रम लावताना सुरुवातीच्या 'द' ची काळजी नको. मार्क (MARC, ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीचा साचा) नोंदीच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात वगळायच्या अक्षरांचा आकडा असतो, आणि 'द' साठी मोकळ्या जागेसह तो ४.

मूळ हक्कधारकाची संमती लेखी घ्यावी. नाव बदलायचं असेल तर करारात तसं कलम आहे का, ते आधी पाहावं. शीर्षकपानाच्या मागे मूळ शीर्षक, मूळ भाषा आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष छापलंच पाहिजे, म्हणजे सूचीकाराला मूळ ग्रंथ आणि भाषांतर एकत्र जोडता येतं. हे सगळं आयएसबीएनची (पुस्तकाच्या ओळखक्रमांकाची) माहिती वितरकांकडे जाण्याआधी उरकावं. नंतर नाव बदललं तर जुनी नोंद कुठे ना कुठे शिल्लक राहते. पुढच्या आवृत्तीत बदलणं भागच पडलं, तर 'पूर्वी अमुक नावाने प्रसिद्ध' ही ओळ मलपृष्ठावरही द्यावी. नाहीतर तोच ग्रंथ नवा समजून दुसऱ्यांदा विकत घेतला जातो.