बागबाजारात नागपूरकर

गीतांजली एक्स्प्रेस नागपुरात संध्याकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचवते. अंतर अकराशे किलोमीटरांच्या वर, पण शुक्रवारी ऑफिस उरकून गाडीत बसलं की शनिवारचं उशिराचं जेवण कोलकात्यात होतं. कॉलेजातली मैत्रीण लग्न करून तिकडे गेली तेव्हापासून "ये गं एकदा" चालू होतं. या थंडीत तिकीट काढूनच टाकलं.

हावड्याला उतरलात तर टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. स्टेशनासमोरच लाँचचा धक्का आहे, तिथून बागबाजारची लाँच धरा. धक्का सोडल्यावर लगेच हावडा पूल डोक्यावर येतो. १९४३ साली सुरू झालेल्या या पुलाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही, हे शाळेत घोकलेलं असतं. खालून जाताना मान वर करून बघितलं तेव्हा कुठे ते पटलं. पुढे निमतला स्मशानघाटावरचा धूर, मग मूर्तिकारांचं कुमारटुली, आणि बागबाजार. मैत्रीण घाटाच्या पायरीवरूनच ओरडत होती, "अगं, बॅग मला दे, पाय सांभाळ!"

तिचं सासर म्हणजे उत्तर कोलकात्यातलं जुनं घर. हिरव्या झडपांच्या खिडक्या, उंच छत, आणि बैठकीत तिचे सासरे. त्यांना मी मेशोमशाय म्हणायचं असं ठरलं. मी वाकून नमस्कार केला, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "नागपूर? म्हणजे रघुजी भोसल्यांचं?" मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "अरे, कपाटाला कुलूप लावा, बर्गी आले!"

घरभर हशा. माझं हसू जरा उशिरा आलं.

बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत राहिल्या. १७५१ च्या तहात नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली आणि ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात गेलं. आपण हे वाचतो ते 'मराठ्यांचा पूर्वेकडे विस्तार' या मथळ्याखाली, परीक्षेत दोन मार्कांना. बंगालमध्ये ते आयांच्या तोंडी आहे. बाळ झोपलं, गल्ली शांत झाली, बर्गी आले, धान तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कशाने भरू, अशा अर्थाची अंगाई. मैत्रिणीचा नवरा ती ऐकत वाढला आणि आता त्यांची मुलगीही ऐकते. म्हणजे अर्धी नागपूरकर असलेली पोर नागपूरकरांच्या भीतीने झोपते. मैत्रिणीला यात काही वावगं वाटत नाही. "साधी गोष्ट आहे, झोपते ना?" हे तिचं म्हणणं.

चहा झाल्यावर मेशोमशाय काठी घेऊन उठलेच. जवळच मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. मराठे कोलकात्यावर येतील या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत होता सात मैलांचा. तीनेक मैल खणून झाला आणि थांबला, कारण मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड केला. खंदकाचा आता मागमूस नाही. गल्लीत दारापुढच्या कट्ट्यांवर गप्पा छाटणारे लोक, वाळत घातलेल्या साड्या आणि भिंतीवर आपलं नाव. मी फोटो काढत होते तेव्हा मेशोमशाय कट्ट्यावरच्या मंडळींना माझी ओळख करून देत होते. कशी, ते त्यांच्या हसण्यावरून कळलं.

भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर हे नाव मला पुसट आठवत होतं, मेशोमशायांना मात्र त्यांचा 'भास्कर पंडित' तपशीलवार पाठ. १७४२ मध्ये त्याने काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली आणि पूजा आटोपण्याआधीच नवाबाच्या फौजेने छापा घातला. १७४४ मध्ये अलीवर्दीने बोलणीसाठी तंबूत बोलावून त्याला दग्याने मारलं. "ते मात्र वाईट झालं," मेशोमशाय म्हणाले, "पाहुण्याला असं मारू नये." मला वाटतं, घरातल्या पाहुणीसाठी हा खास दिलासा होता. पुढे म्हणाले की याच बंगालमध्ये मराठी वंशाचे बंगाली लेखक सखाराम गणेश देऊस्करांनी शिवाजी उत्सव उभा केला आणि १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी महाराजांवर कविता लिहिली. महाराज वेगळे, बर्गी वेगळे, असा त्यांचा हिशेब आहे. नागपूरकर म्हणून मला तो सोयीचा नाही, पण खोडून काढण्यासारखंही काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी मासळीबाजार. मासेवाला पाय दुमडून ओट्यावर बसलेला, पुढ्यात उभ्या पात्याची भलीमोठी बोटी, थेट आपल्या विळीची थोरली बहीण. हातभर कातला त्याने दोन्ही हातांत धरून पात्यावर रेटला. पाठीचे तुकडे एकीकडे, पोटाचे दुसरीकडे, डोकं वेगळं, कारण ते मूगडाळीत जाणार होतं. मैत्रीण तुकड्याच्या जाडीवरून अस्खलित बंगालीत भांडत होती. सीताबर्डीत भाजीवाल्यासमोर तोंड न उघडणारी हीच का ती, असं मला वाटून गेलं.

रात्री श्यामबाजारच्या पाच रस्त्यांवर, घोड्यावरच्या नेताजींजवळ, गोलबाडी हॉटेलचं कोशा मांशो, म्हणजे परतून आटवलेलं मटण, खाल्लं. काळपट, दाट, चिकटून बसणारा मसाला. चव उत्तम, पण तिखट म्हणाल तर आमच्या सावजीपुढे ते पथ्याचं जेवण. हे मी मोठ्याने बोलून गेले. मेशोमशायांनी तिथल्या तिथे फेब्रुवारीत नागपूरला यायचं जाहीर केलं. महालातला भोसल्यांचा वाडा बघायचा आणि सावजी खायचं, एवढेच दोन कार्यक्रम. सुनेने पहिल्याला परवानगी दिली आहे. दुसऱ्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.