सर्व्हरचं हॅण्डबुक नेटवर्कवाल्यांच्या कामाचं आहे का, हे मी कसं तपासलं

आमच्या नेटवर्क टीमसाठी लिनक्स सर्व्हर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं एक जाडजूड हॅण्डबुक घ्यायचं की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. सर्व्हर टीम ते बरीच वर्षं वापरतेय आणि त्यांच्याच कपाटातली प्रत मला मिळाली. मॅनेजर सरांचं म्हणणं सरळ होतं. "आपल्या लोकांना सर्व्हर चालवायचे नाहीत. पण तिकीट (युजरच्या तक्रारीची नोंद) आलं की 'नेटवर्क ठीक आहे' एवढं म्हणून सुटताही येत नाही. या पुस्तकाने त्यात काही फरक पडेल का, तेवढं सांगा."

प्रश्न इतका नेमका मिळाला हे बरं झालं. नाहीतर अशा पुस्तकावर 'सविस्तर, उपयुक्त, संग्राह्य' असं लिहून मोकळं होणं फार सोपं असतं.

अनुक्रमणिका चाळली तेव्हाच निम्मं पुस्तक बाजूला पडलं. डिस्कची विभागणी, रेड, युजर आणि परवानग्या, पॅकेज, बॅकअप, मेल सर्व्हर. सगळं चांगलं लिहिलेलं, पण आमच्या कामाचं नाही. आमची आणि सर्व्हरवाल्यांची भांडणं होतात ती बांधावर, म्हणजे केबल सर्व्हरच्या कार्डात शिरते तिथपासून पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) अ‍ॅप्लिकेशनच्या हातात पडेपर्यंतच्या पट्ट्यात. त्या पट्ट्याबद्दल पुस्तक काय सांगतं, एवढंच मला पाहायचं होतं.

आधी त्याचं वय पाहिलं. प्रकाशनाचं वर्ष बघून हे कळत नाही. जुन्या पुस्तकातला टीसीपी (दोन यंत्रांमधल्या कनेक्शनचे नियम) आजही तोच असतो आणि नव्या आवृत्तीतही दहा वर्षांपूर्वीचा मजकूर तसाच राहून गेलेला असतो. म्हणून मी शिळ्या होणाऱ्या जागाच शोधल्या. पहिली जागा आयएफकॉन्फिग, म्हणजे सर्व्हरचे आयपी दाखवणारी जुनी कमांड. सवयीची आहे, चालेल, असं कुणीही म्हणेल. पण दोन लोड बॅलन्सरमध्ये (सर्व्हरांवर काम वाटून देणाऱ्या यंत्रांमध्ये) व्हीआरआरपीने, म्हणजे एक पडलं की आयपी दुसऱ्याकडे देणाऱ्या पद्धतीने, फिरणारा आयपी कीपअलाइव्हड या प्रोग्रामने चढवलेला असला, तर तो साधारणपणे आयएफकॉन्फिगमध्ये दिसतच नाही, 'आयपी अ‍ॅड्रेस शो'मध्ये दिसतो. व्हीआरआरपी कोळून प्यालेला नेटवर्कवालाही जुनी कमांड चालवून 'मास्टर गेला', म्हणजे आयपी सांभाळणारं यंत्र पडलं, असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. या पुस्तकात सगळीकडे 'आयपी' आणि 'एसएस' (कनेक्शनची यादी दाखवणारी) याच नव्या कमांड होत्या, जुन्या फक्त एका तुलनेच्या तक्त्यात. इथे पुस्तक पास.

दुसरी जागा मात्र चांगलीच सापडली. मागच्या ट्यूनिंगच्या परिशिष्टात 'टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल' हे सेटिंग चालू करा असा सल्ला होता, कारणाशिवाय. या सेटिंगमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) एका आयपीकडून आलेले टाइमस्टॅम्प (पॅकेटवरचे वेळेचे शिक्के) चढत्या क्रमाने यावेत अशी अपेक्षा धरतं. नॅटच्या मागे बसलेली अनेक यंत्रं एकच आयपी वापरतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मग त्यातल्या काहींचे सिन पॅकेट (कनेक्शन सुरू करायची विनंती) सर्व्हर गुपचूप टाकून देतो. एकाच ऑफिसातल्या काहींना साइट उघडते, काहींना नाही, आणि तिकीट अर्थातच नेटवर्कवर येतं. २०१७ मध्ये आलेल्या ४.१२ कर्नलपासून हे सेटिंग काढूनच टाकलंय, त्यामुळे नव्या सर्व्हरवर ही ओळ नुसती एरर देते. धोका जुन्या सर्व्हरवर आहे, आणि जुने सर्व्हर कुणाकडे नसतात? धडे सुधारले होते, परिशिष्ट तसंच चिकटवलं होतं. ते मी तिथल्या तिथे बाद केलं.

यानंतर मी बंद झालेली जुनी तिकिटं काढली, पण सगळी नाहीत. ज्यांत दोन्ही टीम एकमेकांकडे चेंडू टोलवत राहिल्या होत्या, तेवढीच. नियम एकच ठेवला. तिकिटात युजरने जे शब्द लिहिलेत तेवढेच घेऊन पुस्तकाच्या शेवटची सूची उघडायची आणि कारणापर्यंत पोचता येतं का ते पाहायचं. रात्रपाळीला बसलेल्या माणसाकडे तेवढंच असतं.

'नो रूट टू होस्ट' हे त्यातलं सगळ्यात छळणारं. हा संदेश वाचला की जो तो राउटिंग टेबल उघडतो. आमचे लोक राउटर तपासत बसले होते, मार्ग व्यवस्थित, पिंगही जात होतं. कारण सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये होतं. पॅकेट नुसतं टाकून दिलं तर क्लायंटला 'टाइम्ड आउट' दिसतं, पोर्टवर कुणी ऐकतच नसेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. पण फायरवॉलने 'मनाई आहे' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप परत पाठवला, तर लिनक्स क्लायंट त्याचं भाषांतर 'नो रूट टू होस्ट' असं करतो. त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) एआरपीला, म्हणजे 'हा आयपी कुणाचा' या हाकेला, उत्तर मिळालं नाही तरीही हाच संदेश येतो. म्हणजे दोन अगदी वेगळी कारणं आणि दोन्हींत राउटरचा काही संबंध नाही.

पुस्तकात हे सगळं होतं! फायरवॉलच्या धड्यात रिजेक्ट (नकार कळवून अडवणं) आणि ड्रॉप (गुपचूप टाकून देणं) यांतला फरक मांडताना मोजक्या ओळींत नेमकं सांगितलं होतं. फक्त सूचीत हा संदेश नव्हता. तिथे 'फायरवॉल' होतं, 'राउटिंग' होतं, आणि राउटिंगच्या पानावर गेलेला माणूस राउटिंगमध्येच अडकणार. सर्व्हर टीममधल्या मैत्रिणीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, सूची कोण बघतं? कुठला धडा कुठे आहे ते आम्हाला माहीत असतं."

त्या वाक्याने माझं काम बरंच सोपं केलं. हे पुस्तक उत्तम आहे असं सांगणारे सगळे ते आधीच वाचून पचवलेले होते, त्यांना सूचीची गरज कधी पडलीच नव्हती. त्यांची शिफारस खोटी नव्हती, आमच्यासाठी नव्हती इतकंच.

दुसरं तिकीट डेटाबेसचं. रोज सकाळी पहिली क्वेरी लटकायची, मग पंधराएक मिनिटांनी सगळं सुरळीत. आमच्या फायरवॉलवर रिकाम्या बसलेल्या सेशनची मुदत एक तास होती. रात्री कुणी बोललं नाही की फायरवॉल ते सेशन विसरून जायची, पण दोन्ही टोकांना कनेक्शन जिवंतच वाटायचं. सकाळी पाठवलेला डेटा फायरवॉल गिळायची आणि लिनक्स थकेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्हचा (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या पॅकेटचा) मूळ आकडा ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. फायरवॉलचा धीर त्याच्या निम्माच.

पुस्तकात ७२०० हा आकडा होता, तो कमी कसा करायचा तेही होतं. पण तो कमी करून भागत नाही. अ‍ॅप्लिकेशनने आपल्या सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्या टोकावर) कीपअलाइव्ह मागितलंच नसेल तर कर्नलमधला आकडा काहीही असो, एकही पॅकेट जात नाही. 'एसएस'ला 'ओ' हा पर्याय लावला की ज्या कनेक्शनवर ते चालू आहे त्याच्यापुढे टाइमर उलटा मोजताना दिसतो. आमच्या त्या सर्व्हरवर एकाही डेटाबेस कनेक्शनपुढे टाइमर नव्हता. ही ओळ पुस्तकात असती तर मी त्या धड्याला पूर्ण गुण दिले असते.

कंटेनरच्या (एकाच सर्व्हरवर प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवण्याच्या) धड्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला. डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) आपल्या अंतर्गत ब्रिजला (सर्व्हरच्या आतल्या आभासी स्विचला) मूळ सेटिंगमध्ये १७२.१७.०.० ते १७२.१७.२५५.२५५ हा पट्टा देतो. ऑफिसातल्या एखाद्या विभागाला हाच पट्टा दिलेला असेल, तर त्या विभागाची विनंती सर्व्हरपर्यंत पोचते, पण उत्तर गेटवेकडे न जाता सर्व्हरच्या पोटातल्या ब्रिजकडे वळतं. बाकी सगळ्यांना सर्व्हर दिसतो, याच विभागाला नाही. नेटवर्कच्या बाजूने पाहिलं तर विनंती जाताना दिसते आणि परत काहीच येत नाही. सर्व्हरचं राउटिंग टेबल बघायचं सुचलं नाही तर माणूस दिवस घालवेल. पुस्तकाने पट्टा सांगितला होता, तो बदलायची फाइल सांगितली होती, आणि 'आधी नेटवर्क टीमला विचारा' असंही लिहिलं होतं. ते वाचून खरं सांगते, लेखकाबद्दल आदर वाटला.

कागदावरची परीक्षा संपल्यावर एक सुटा सर्व्हर आणि एक सुटा स्विच घेऊन बसले. दोन पोर्ट जोडून एलएसीपीची (दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवायच्या पद्धतीची) बाँडिंग, म्हणजे दोन केबल मिळून एक जोड, करायची, पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच. सर्व्हरची बाजू नीट उभी राहिली. बाँडची स्थिती दाखवणारी फाइल उघडली तर 'पार्टनर मॅक अ‍ॅड्रेस'पुढे (समोरच्या यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यापुढे) ओळीने शून्यं. म्हणजे समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नव्हता. पुस्तकाने या जागी 'स्विचवर योग्य सेटिंग करा' एवढं म्हणून हात झटकले होते. सर्व्हरवाला इथे वैतागेल. आम्हाला मात्र तेवढंच येतं, त्यामुळे पुस्तकातली ही उणीव आमच्या दृष्टीने उणीवच नव्हती. दोन्ही टोकं पॅसिव्ह (समोरच्याने आधी बोलायची वाट बघणारी) ठेवली तर बोलणं सुरू होत नाही, हे आमच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

आम्हाला माहीत नसतो तो पुढचा भाग. ट्रॅफिक कुठल्या केबलवरून पाठवायचं हे सर्व्हर मुळात मॅक अ‍ॅड्रेसवरून ठरवतो. सगळे क्लायंट राउटरपलीकडे असतील तर समोरचा मॅक प्रत्येक वेळी राउटरचाच. मग दोन केबलपैकी एक तुंबते आणि दुसरी मोकळी राहते. हॅशची (केबल निवडायच्या हिशेबाची) पद्धत बदलून आयपी आणि पोर्ट धरले की भार विभागला जातो, तरी एक फ्लो (एका कनेक्शनचा प्रवाह) एकाच केबलवरून जातो. हे पुस्तकात नीट होतं. जम्बो फ्रेमचंही (नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटचंही) तसंच. ९००० एमटीयूची (पॅकेटच्या कमाल आकाराची) खात्री करायला ८९७२ बाइटचा पिंग तुकडे न करता पाठवायचा, कारण २० बाइट आयपी हेडरचे आणि ८ आयसीएमपीचे. आकडा कुठून आला तेही सांगितलेलं, त्यामुळे पाठ करावा लागत नाही.

शेवटी टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाला टीसीपीडम्पचा (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या कमांडचा) धडा वाचायला दिला. त्याने आधी विचारलं होतं, "मॅडम, पॅकेट टीसीपीडम्पमध्ये दिसतंय म्हणजे सर्व्हरला मिळालं ना?" हा प्रश्न आमच्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी आहे. येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं आणि जाणारं फायरवॉल ओलांडल्यावर. म्हणजे ते दिसलं तरी सर्व्हरचीच फायरवॉल पुढे ते टाकू शकते. धडा वाचून आल्यावर हे त्याने मलाच समजावून सांगितलं. चौकटीतल्या बारीक टीपेत होतं ते, पण त्याला सापडलं.

सरांना मी लिहून दिलं ते असं : प्रत्येकाला एक प्रत नको, दोन पुरेत. त्यातली एक छापील प्रत सर्व्हर रूममध्येच राहू द्या, कारण आपल्याला पुस्तक लागतं तेव्हा बहुधा नेटवर्कच पडलेलं असतं. नेटवर्किंग, फायरवॉल, कंटेनर आणि पॅकेट तपासणी हे धडे सगळ्यांनी वाचावेत, डीएनएसचा (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेचा) धडा फक्त त्याचं काम करणाऱ्यांनी. ट्यूनिंगचं परिशिष्ट कुणीही वापरू नये. त्या पानांना मी सरळ स्टेपल मारले. पुस्तकाच्या सूचीवर विसंबू नये, म्हणून युजरला दिसणारे एरर संदेश आणि त्यांचे पान क्रमांक असा एक कागद करून मुखपृष्ठाच्या आत चिकटवला. कीपअलाइव्हच्या पानावर ती गाळलेली ओळ पेनाने लिहिली.

सरांनी प्रती मंजूर केल्या. मैत्रिणीने त्या कागदाचा फोटो काढून नेला आणि तासाभरात निरोप पाठवला की 'कनेक्शन रिसेट'समोर मी लिहिलेल्या पानापेक्षा चार पानं पुढचं स्पष्टीकरण जास्त चांगलं आहे. तिचं बरोबर होतं का ते बघायला पुस्तक शोधलं, तर ते आधीच रात्रपाळीच्या टेबलावर गेलं होतं.