तुम्ही विचारलंत म्हणून: एका ओळीला दोन दिवस

"रोटेट तर एका ओळीची कमांड आहे मॅडम, मग दोन दिवस कसले लागतात?" लॅबमध्ये नवी मुलं आली की हे ठरलेलं. परवा एकाने पायथनमध्ये सेकंदात होतं, हेही ऐकवलं. अरे बाळा, सॅकमध्येही, म्हणजे भूकंपाच्या नोंदी हाताळायच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्येही, सेकंदातच होतं. जमिनीच्या हालचालीच्या उत्तर आणि पूर्व या घटकांची जोडी वाचायची, 'रोटेट टू जीसीपी' टाइप करायचं. जीसीपी म्हणजे भूकंपापासून स्टेशनपर्यंतची पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट. भूकंपाच्या रेषेतला रेडियल आणि तिला आडवा ट्रान्सव्हर्स तयार.

सॅक आपल्या परीने तपासतं. विषम संख्येने फायली दिल्या की अडतं, जोडी काटकोनात नसली की अडतं. पण काटकोन ते बघतं हेडरमधल्या, म्हणजे फायलीला जोडलेल्या माहितीतल्या सीएमपीएझेडवरून: घटक उत्तरेपासून किती अंशांवर आहे, तो आकडा. आणि तो आकडा भरलेला असतो माझ्यासारख्या कुणीतरी.

कोयना खोऱ्यातल्या एका शाळेच्या मागच्या खोलीत असाच एक सेन्सर, म्हणजे भूकंपमापक, मीच बसवला होता. गुडघे टेकून, बुडबुडा मध्यावर आणून, होकायंत्राने उत्तर धरून. शेजारच्या खांबात लोखंडी सळ्या, खाली होकायंत्राला चकवणारा बेसॉल्ट. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पाऊस भरून आला होता आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता. हेडरमध्ये ० आणि ९० लिहिलं आणि निघाले.

मग २५ एप्रिल २०१५. नेपाळ, ७.८. रेले लहर, म्हणजे पृष्ठभागालगत जाणारी भूकंपलहर, उभ्या आणि रेडियल घटकावर दिसायला हवी. माझ्याकडे ती ट्रान्सव्हर्सवरही ठसठशीत. घाबरायचं सोडून मी हरखले! गंगेच्या गाळाच्या खोऱ्यात लहर वळते, सरळ वाटेने येतच नाही, असं पोस्टर केलं. एका परिषदेत त्याच्यासमोर उभी राहिले. चहाचा कप घेऊन एक वयस्कर शास्त्रज्ञ थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इतर दिशांचे भूकंप काय सांगतात?"

मी बघितलेच नव्हते.

रात्री गेस्ट हाउसवर बसले. उभ्या घटकाची लहर ९० अंशांनी, म्हणजे पाव आवर्तनाने सरकवायची, आडवी जोडी एकेक अंश फिरवायची आणि येणारा रेडियल तिच्याशी ताडून बघायचा. हिंदुकुशचे, सुमात्राचे भूकंप, सगळे एकाच बाजूला साधारण तेवढेच कललेले. लहरी वळल्या असत्या तर प्रत्येक वाटेवर वेगळ्या वळल्या असत्या. वळला होता माझा सेन्सर. २३ अंश. परत आल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "साइन २३ किती गं?" ०.३९. म्हणजे रेडियलचा इतका हिस्सा शेजारी गळत होता, आणि मी त्याचं पोस्टर केलं होतं. दुसऱ्या दिवशीही ते भिंतीवर होतंच. मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक स्टेशनची दिशा आधी भूकंपांवरून काढते, मगच रोटेट. याला शिस्त म्हणा. खरं सांगायचं तर निम्मी भीतीच आहे. ज्या स्टेशनची दिशा नीट मोजलेली असते, तिथेही मी हेच करत बसते.

पण तेव्हाची मी अजून भांडते. सुमात्रा २१ देतं, हिंदुकुश २३, आणि नेपाळ २७. वरचे ते चार अंश कुणाचे? मोजणीतली चूक इतकी असू शकते, हे मी तिला सांगते. ती ऐकत नाही, आणि तिला गप्प करायला माझ्याकडे पुरेसे भूकंप नाहीत. ते पोस्टर गुंडाळून कपाटावर ठेवलंय.

तुमच्या फायली सोमवारी देते. तोवर सेन्सर बसवतानाची नोंदवही पाठवा, हेडर नको.